चिवळीची घट

कौसल्या गेल्याच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला तिच्या मुलाने पनीर ठेवलं. पूर्वी काट्यावर पाणी मारलेला कापूस आला की तिचा नवरा मारोती ज्या नजरेने त्याच्याकडे बघायचा, त्याच नजरेने तो ताटातल्या त्या पांढऱ्या तुकड्यांकडे बघत होता. त्याने एक तुकडा बोटाने दाबला. पाणी निघालं.

"खा ना बाबा," राजदीप म्हणाला. "यवतमाळचा कॅटरर हाये."

"म्हून तं खात नाई."

भंतेजी गेले होते, त्रिशरण-पंचशील झालं होतं, आणि मांडवात माणसं बुंदी पुन्हा मागत होती. कौसल्येला जन्मात कधी नमस्कार न केलेली माणसंही आज तिच्या फोटोसमोर हात जोडून लगेच ताटाकडे वळत होती. मारोतीने ताट तसंच सरकवलं आणि उठला. वैशाखाच्या भर उन्हात, जिच्या घरात या दिवसांत चिवळीचा पाला आणि कैरी सोडून काही शिजलं नाही, तिच्या नावाने लोकांना लाल तेलात पोहणारं पनीर खाऊ घालायचं, याची त्याला किळस आली.

मारोती नोकरीभर मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर मापारी होता. बैलगाड्यांची रांग लागायची आणि तो काट्याजवळ उभा राहून कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा. कापूस ओला असला की वाळल्यावर किती भरेल याचा हिशेब करून तेवढी घट कापायचा. लोक शिव्या द्यायचे. तो म्हणायचा, "मले शिव्या दे, काट्याले देऊ नको." मग कापसाचे वाईट दिवस आले आणि केंद्राच्या फाटकाला कुलूप लागलं. आता खाजगी व्यापारी बॅटरीचे काटे घेऊन बसत. आकडे लाल दिव्यात दिसतात म्हणून लोकांना ते खरे वाटतात, असं मारोतीचं मत होतं. त्याच दिवसांत शहरातून गाड्या भरभरून माणसं येऊ लागली. कोणी फोटो काढायला, कोणी कर्जबाजारी घरांची विचारपूस करायला. एक बाई तर समाजमंदिरात गावातल्या बायांना उन्हाळ्यातला पौष्टिक स्वयंपाक शिकवायला आली आणि सोयाबीनच्या गोळ्यांची पाकिटं वाटून गेली. त्या गोळ्या कोंबड्यांनीही खाल्ल्या नाहीत.

अशा सगळ्या जगाबद्दल मारोतीला जे वाटायचं ते ऐकून घेणारं एकच माणूस होतं, आणि तिलाही तो सोडत नसे. रोज जेवताना पहिला घास घेतला की म्हणायचा, "मीठ कमी हाये." कौसल्या चुलीवरची नजर न काढता म्हणायची, "मंग काट्यावर टाकून पाहा." एवढं झालं की दोघंही जेवायला मोकळी. दुसरी नवरा-बायको हवापाण्याचं बोलतात, हे दोघं मिठाचं बोलायचे.

ती गेल्यावर पहिला महिनाभर शेजारच्या पंचफुलाने डाळ पाठवली. पंचफुला कौसल्येची मैत्रीण, नवरा केव्हाच गेलेला, तोंडाने फटकळ. तिच्या डाळीत माणसाचं तोंड दिसायचं, आणि मारोतीला तेव्हा स्वतःचं तोंड बघायची इच्छा नव्हती. त्याने वाटी परत केली, खुंटीवरचा जुना हाताचा तराजू काढला आणि स्वयंपाक शिकला. शिकला म्हणजे तोलून शिकला. इतक्या वांग्याला इतकं मीठ, इतक्या आलूला इतकं. हिवाळाभर त्याचा नेम चुकला नाही. भाकर गोल होत नव्हती, पण भाकरीचा आकार पाहून जेवणारा माणूस त्याच्या हिशेबात माणूसच नव्हता.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजदीपने विषय काढला. तो नागपूरला एका कचेरीत होता, तिसऱ्या मजल्यावर राहायचा.

"बाबा, या खेपेले तुमाले घेऊनच जाणार हाओ. सामान बांधा."

"काहून? घर पेटलं काय माहं?"

"एकटे राहता. कसं करून खाता, काय खाता, आमाले तिकडं झोप लागत नाई."

"तुह्या घरचं खाऊन मले झोप लागन काय? तुह्या बायकोच्या भाजीत पाकिटाचा मसाला असते. पाकिटावरच्या बाईनं बनवलेली भाजी मी कायले खाऊ?"

त्याची सून शीला अंगणात भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. ती कधीच करत नसे, आणि मारोतीला तेही आवडत नसे. उलट बोलली असती तर निदान काही तोलता आलं असतं.

"असं बोलू नका," राजदीप चिडला. "कालपासून तुमी जेवले नाई. इथं तरी काय खाता, सांगा ना."

"आज दुपारी दाखवतो. उन्हायातलं साधं जेवण. चिवळीची भाजी, भाकर, कैरीचा ठेचा. तुह्या मायच्या हातची चिवळ एक डाव अशी जमली होती, का मी तोंडानं कबूल केलं होतं. तशी करून वाढतो."

"अन् नाई जमली तं?"

"तं तुह्या गाडीत बसतो. जमली तं पुन्हा नागपूरचं नाव काढाचं नाई."

"पक्कं?"

"मी मापारी हाओ. शब्दाले ओलावा नसते माह्या."

कुडाच्या पलीकडून पंचफुला ओरडली, "राजदीप, बापाचं सामान बांधाले घे रे!"

मारोती बाजारात गेला. उन्हाळ्यात नदीकाठच्या ओलीतून चिवळ घेऊन बायका येतात. बारीक पानं, लालसर काड्या, आणि मुळांना रेती. एकीने भाव सांगताना दुसरीच्या टोपलीची निंदा केली, म्हणून त्याने दुसरीकडून घेतली. घरी आल्यावर नीमाखाली बसून एकेक काडी निवडली. राजदीप म्हणाला, "मी मदत करू काय?" मारोतीने त्याच्या वाढलेल्या नखांकडे बघितलं आणि पुढची काडी उचलली.

निवडलेली चिवळ त्याने परातीतल्या पाण्यात बुडवली आणि हलक्या हाताने वर उचलून घेतली. पाणी ओतून द्यायचं नसतं, ओतलं की खाली बसलेली रेती पुन्हा भाजीत येते, एवढं त्याला कौसल्येला बघून माहीत होतं. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तेच केलं. मग भाजीचा ढीग तराजूत टाकला. पारडं भरून ओसंडलं, दोनदा तोलावं लागलं. वांग्याला जेवढं मीठ पडायचं त्याच मापाने त्याने ढिगाला मीठ काढलं.

लसूण, सुकी मिरची, भिजवलेली मुगाची डाळ. त्यावर चिवळ, त्यावर मीठ. कढईत शीग भरली होती. थोड्या वेळात ती बसली, मग अजून बसली. मारोतीच्या डोळ्यांदेखत ढीग ओंजळभर झाला. पण तेव्हा तो राजदीपला सांगत होता की नागपूरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, नुसती गरम होते, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणारी माणसं जमिनीवर काय उगवतं हे विसरलेली असतात. बोलण्याच्या भरात त्याने झाकण ठेवलं.

पंचफुला जेवायला बोलावलं नसताना आली. "शर्तीले साक्षीदार लागते, भाऊजी," म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

त्याने ताटं वाढली. राजदीपने घास घेतला. चावला. गिळला. हात आपोआप पाण्याच्या गडव्याकडे गेला, मग मधेच थांबला.

"मस्त झाली, बाबा."

मारोतीने त्याच्याकडे बघितलं. राजदीपचा चेहरा लहानपणी चोरून कैऱ्या खाताना व्हायचा तसा झाला होता.

"पाणी काहून नाई पेला?"

"तहान नाई."

मारोतीने स्वतः घास घेतला. जिभेवर मिठाचा खडा फुटावा तसं झालं. त्याने तो घास गिळला, कारण थुंकणं म्हणजे भाजीपेक्षा मोठी हार होती.

"लेका," तो म्हणाला, "बापाची कीव करतं? काट्यावर दया नाई करत कोणी. खारट हाये म्हण."

"थोडी जास्त..."

"खारट म्हण!"

"खारट हाये, बाबा."

पंचफुलाने कढईत डोकावून पाहिलं, बाजूला पडलेला तराजू पाहिला, आणि तिला समजलं. ती एवढी हसली की पदर तोंडात धरावा लागला. "कच्ची तोलली काय वो? टोपलंभर पाल्याले मीठ टाकलं? जिंदगीभर लोकायच्या कापसाची घट कापली या माणसानं, अन् चिवळीची घट नाई धरली! माह्या बापाचे दोन गाठोडे कापले होते तुमी, भाऊजी. आज तो पाह्यजे होता पाहाले."

आयुष्यात ज्या एका गोष्टीसाठी मारोतीने लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तिथेच तो चुकला होता. तो उठला आणि फळीवरची कापडी पिशवी काढली. दोन सदरे टाकले. कौसल्येचा फोटो भिंतीवरून काढायला हात वर केला, आणि हात तिथेच राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीला खिळा ठोकू देतात की नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

"बाबा, शर्त काय होती?"

आवाज शीलाचा होता.

"जमली तं राहाचं. नाई जमली."

"जेवण अजून झालं कुठं?" ती पंचफुलाकडे वळली. "मावशी, जवारीच्या कण्या हायेत काय तुमच्याकडं?"

पंचफुला हसायची थांबली आणि उठली. शीलाने कण्या धुतल्या, बिनमिठाच्या पाण्यात शिजवल्या आणि कढईतल्या भाजीत मिसळल्या. वर पुन्हा लसणाची फोडणी दिली. मारोती पिशवी घेऊन दारात उभा होता.

"हे कोणं शिकवलं तुले?"

"आईनं. लग्नाच्या पहिल्या उन्हायात मी पण अशीच केली होती. कच्च्या ढिगाले मीठ. मले रडू आलं. आईनं कण्या टाकल्या अन् म्हणाल्या, कोणाले सांगू नको, वाढून दे." ती फोडणीकडे बघत बोलत होती. "तुमी दोनदा घेतली होती. म्हणाले, कौसल्ये, आज जमली."

मारोतीने पिशवी खाली ठेवली. आयुष्यात त्याने एकदाच कबुली दिली होती, आणि तीही चुकीच्या ढिगावर.

"म्हंजे ती भाजी तुही होती?"

"मीठ माहं होतं. भाजी त्यायची."

"अन् इतके वर्ष मले सांगितलं नाई?"

"तुमी माह्यासंग बोलले कधी?"

हे तिने रागाने म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिने ते ताट पुसता पुसता म्हटलं आणि दुसरं ताट उचललं.

ते पुन्हा जेवायला बसले. मारोतीने दोनदा भाजी घेतली, पण तो बघत होता राजदीपचं ताट, त्याचं तोंड नाही. तोंड खोटं बोलतं. राजदीपने भाजी संपवली, वाकड्या भाकरीचा शेवटचा तुकडा ताटावर फिरवून उरलंसुरलं पुसून घेतलं आणि कढई जवळ ओढली. गडव्याला त्याने हात लावला नाही.

"साक्षीदार काय म्हणते?" राजदीपने पंचफुलाला विचारलं.

"भाजी जमली," पंचफुला म्हणाली. "पण अर्धी सुनेनं जमवली. मंग बुढ्याले अर्धा घेऊन जा."

"कोणता अर्धा?"

"तोंडाकडचा ठेव इथं. मले त्याच्याशिवाय करमणार नाई."

राजदीप हसला आणि हरल्यासारखा हात वर केला. मारोतीने पिशवीतले सदरे काढून फळीवर ठेवले. शीलाच्या जवळून जाताना तो म्हणाला, "फोडणी थोडी करपली." ती पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघून म्हणाली, "मंग दोनदा काहून घेतली?"

उन्हं कलल्यावर राजदीप आणि शीला नागपूरला गेले. शीलाने उरलेल्या कण्या डब्यात भरून ठेवल्या होत्या आणि तराजू पुन्हा खुंटीवर लावला होता.

दुसऱ्या दिवशी मारोतीने परत चिवळ आणली. निवडली, धुतली, कढईत टाकली आणि पूर्ण बसेपर्यंत वाट बघितली. मग चिमटीने मीठ टाकलं, कण्या टाकल्या. ताट घेऊन नीमाखाली बसला. भाजी चांगली झाली होती. दाताखाली रेतीचा कण नाही, कण्या मऊ, मीठ जसं पाहिजे तसं. त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. नाव ठेवायला काही सापडेना. सवयीने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. चुलीजवळ कोणी नव्हतं.

चौथा घास जाईना. त्याने ताट झाकलं, वाटीत भाजी काढली आणि कुडाला वळसा घालून पंचफुलाच्या ओट्यापाशी गेला.

"घे. तुह्या डाळीपेक्षा बरी हाये."

पंचफुलाने बोटाने चाखली. "मीठ कमी हाये."

"तुले काय समजते मिठातलं?"

"नाई समजत तं आणली कायले? काट्यावर टाकून पाहा."

मारोती उभाच राहिला. कूड पातळ होता. इतकी वर्षं तिने त्याची आणि कौसल्येची रोजची जेवणं ऐकली असणार. त्याने ओट्यावरची धूळ पंजाने झटकली, तिच्या झाडण्याला मनातल्या मनात नावं ठेवली आणि बसला.

"उद्या डाळ कर," तो म्हणाला. "अन् घट्ट कर. पातळ केली तं वाटी वापस येईन."