ओळखीचे उपकरण

गेली अकरा वर्षं मी लोकांच्या घरात इंटरनेट नेऊन सोडतो. वायर ओढतो, भिंतीला भोक पाडतो, डबी बसवतो, राउटरचे दिवे लागले की सही घेतो आणि निघतो. या अकरा वर्षांत मला एकच प्रश्न हजार वेळा विचारला गेलाय, "स्पीड मिळेल ना?" मागच्या वर्षापासून दुसरा सुरू झाला. "हे कवच विश्वासाचं आहे का हो?"

कवच म्हणजे आमच्या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर. कनेक्शनबरोबर फुकट. व्हायरस अडवतं, फसव्या साइट बंद करतं, घरातले फोन, टॅब, लॅपटॉप ओळखून त्यांच्यावर लक्ष ठेवतं. निदान पत्रकात तरी तसं लिहिलंय. आत ते नेमकं काय करतं हे मला माहीत नव्हतं. मला कोण सांगणार? आम्हाला अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग दिलं, त्यातला अर्धा वेळ प्रोजेक्टर चालू करण्यात गेला. शेवटी साहेब म्हणाले, "दहातल्या नऊ घरांत कवच चालू दिसलं पाहिजे. बाकीचं मला काही सांगू नका."

मग काय, कुणी विचारलं की मी छातीठोकपणे सांगायचो, "अहो, जी कंपनी तुमच्या घरात इंटरनेट आणते तिच्यावर नाही विश्वास ठेवणार, तर कुणावर ठेवणार?" हे वाक्य माझं स्वतःचं. मला त्याचा फार अभिमान होता. दोघातिघा सहकाऱ्यांनी ते उचललंसुद्धा.

घरी एकदा तोऱ्यात बायकोला ऐकवलं, तर ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "मग आपल्याकडे का नाही लावलंत?"

"फोन स्लो होतो."

"एवढंच?"

"एवढंच. आता डोकं खाऊ नकोस."

ती हसली. मला राग आला, कारण फोन स्लो होतो की नाही हे मी कधी बघितलंच नव्हतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची मला आपली शंका येते, झालं. ती शंका मी कामावर नेत नसे.

त्या बाईंकडे गेलो तो मंगळवार होता. चौथा मजला, लिफ्ट नाही, खांद्यावर ड्रिल आणि वायरचं भेंडोळं. कनेक्शन घरमालकिणीच्या नावावर. मालकीणबाई दुसरीकडे राहतात, राहायला ही भाडेकरूबाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी. बाईंनी दाराला साखळी लावूनच माझं ओळखपत्र मागितलं, फटीतून आत घेतलं, नंबर मोठ्याने वाचला, कंपनीला फोन लावून खात्री केली आणि मग साखळी काढली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोर काय ड्रिल घेऊन चार मजले चढतो?

एक खोली आणि स्वयंपाकघर. भिंतीशी गादी, घडीचं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि मोठे हेडफोन. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाईप करायचं काम त्या करत होत्या. मुलगी जमिनीवर पालथी पडून टॅबवर चित्रं रंगवत होती. आई तिला चिमणी म्हणत होती.

"हे कवच लावायलाच हवं का?" बाईंनी विचारलं.

"फुकट आहे, ताई."

"ते कळलं. दवाखान्याचे लोक म्हणतात, घरच्या नेटला सुरक्षा हवी, नाहीतर काम देणार नाही. म्हणून विचारते. यात माझं नाव कुठे दिसतं का?"

"नाव मालकीणबाईंचं. तुमचा इथे संबंधच नाही."

"आणि पत्ता?"

"पत्ता कंपनीकडे असतोच की."

"कंपनीकडे म्हणजे कुणाकुणाकडे?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. घाम गाळत चढलो होतो, पुढे अजून दोन घरं होती. "अहो ताई, तुम्हाला काय राजवाड्यातून कुणी शोधायला येणार आहे का?"

त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, विनोद लागला नाही. मग मी माझं ते वाक्य टाकलं, कुणावर ठेवणार वगैरे. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लावा."

लावलं. कवचाने घरातल्या वस्तू शोधायला सुरुवात केली. लॅपटॉप, नवीन उपकरण. फोन, नवीन उपकरण. तिसऱ्या ओळीत टॅब आला आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'ओळखीचे उपकरण आढळले. कुटुंबात परत जोडायचे?' खाली दोन बटणं, 'होय' आणि 'नंतर'.

बाई वाकल्या. "ओळखीचं म्हणजे? कुणाच्या ओळखीचं?"

"कंपनीच्या हो. आधी कुठेतरी आमचं कनेक्शन वापरलं असेल. बरंच झालं, नवी नोंदणी नको."

"थांबा."

माझं बोट 'होय'वर पडलं. मी नंतर सगळ्यांना सांगितलं की बोट आधी पडलं आणि थांबा नंतर ऐकू आलं. तसं नव्हतं. मी थांबा ऐकलं होतं.

हिरवी खूण आली. "काय झालं आता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. झालं काम."

"हा टॅब मी तिथेच टाकून यायला हवा होता," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच म्हणाल्यासारख्या. "फोन बदलला, सिम बदललं, सगळं बदललं. पण हिचं एवढं एकच होतं." मी काही विचारलं नाही. सही घेतली आणि उतरलो.

शुक्रवारी तक्रार आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बैठं घर. 'कवचात माहिती अपुरी दिसते. याच तंत्रज्ञाला पाठवावे.' खाली माझा नंबर. मी फुलून गेलो. अकरा वर्षांत मला कुणी असं मागून घेतलं नव्हतं. साहेबही म्हणाले, "वा, नाव काढलंत."

दार उघडणारा माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. "या या, किती उन्हातून आलात." स्वतः पाणी आणून दिलं. घर इतकं स्वच्छ की सोफ्यावर बसायला संकोच वाटावा. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. नवी, स्क्रू चकचकीत. दिवसभर स्क्रूच पिळतो मी, नजर जाते. खोलीला बाहेरून कडी कशाला? सामानाची खोली असेल, म्हटलं.

त्याने फोन माझ्यापुढे धरला. 'कुटुंबप्रमुख, आपले हरवलेले उपकरण आता सुरक्षित आहे.' त्याखाली नाव, चिमणीचा टॅब. त्याखाली गल्ली आणि इमारत. मग बारीक अक्षरांत, 'गोपनीयतेसाठी घर क्रमांक दाखवला जात नाही.' आणि सगळ्यात शेवटी सेवा देणारा तंत्रज्ञ म्हणून माझा नंबर.

हातातलं पाणी तसंच राहिलं.

"आम्ही इथे कवच घेतलं तेव्हा पोरीचा टॅबही जोडला होता," तो म्हणाला. "दोघी रागावून गेल्यात हो. होतं घराघरात. पाच महिने शोधतोय. नातेवाईक झाले, मैत्रिणी झाल्या, शाळा झाल्या. आणि बघा, शेवटी तुमच्या कंपनीनेच सांगितलं. मी तर म्हणतो, प्रत्येकाने हे कवच लावावं."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"काल जाऊन दोन तास खाली उभा होतो. सोळा घरं आहेत. सगळी दारं वाजवत बसलो तर गवगवा होईल आणि ती पुन्हा निघून जाईल. तुम्ही आत गेलाय. कितवा मजला, तेवढंच सांगा."

"दिवसाला आठ घरं करतो, साहेब. कुठलं आठवणार?"

"आठवेल. मंगळवारची गोष्ट आहे."

"ही जुनी नोंद असेल. सर्व्हर कधी कधी काहीही दाखवतो."

"असेल." तो हसला. "मी बाप आहे तिचा. बापाला कळू नये?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी विरघळलो. मला काय माहीत, नवरा-बायकोचं भांडण, मी कोण मधे पडणारा? मुलगी तर त्याची आहे. आठवतंय म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तो चार्जर आणायला आतल्या खोलीत गेला आणि ते दार माझ्याकडे पूर्ण उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, कमरेच्या खाली, रंगीत खडूंची चित्रंच चित्रं. घरं, फुलं, सूर्य, एकावर एक, जागाच उरली नव्हती. बाहेरची बाजू कोरी करकरीत. एवढी चित्रं काढायला किती दिवस लागले असतील याचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि मी उठलो.

"ऑफिसात विचारून कळवतो."

"जरूर. आता पुढे कुठे?"

"दोन तक्रारी आहेत अजून."

"जपून जा," तो म्हणाला.

कोपऱ्यावर मोटरसायकल थांबवून मी ऑफिसला फोन लावला. तिथल्या मुलीला म्हटलं, ते उपकरण आत्ताच्या आत्ता काढून टाका.

"काढता येईल ना, सर. कुटुंबप्रमुखांना एक मेसेज जाईल. त्यांनी होय केलं की लगेच निघेल."

"अहो, त्याच्यापासूनच तर लपवायचंय!"

"सर, ते सुरक्षेसाठी आहे."

मी तिला नको ते बोललो. बिचारीचा काय दोष, तिला पण कुणीतरी अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग दिलेलं. मग मालकीणबाईंना फोन लावला, चार वेळा. नुसती रिंग वाजत राहिली. भाडेकरूबाईंचा नंबर माझ्याकडे नव्हता. त्यांनी तो मुद्दामच दिला नव्हता आणि मंगळवारी मला त्याचाही राग आला होता. पोलिसांना काय सांगणार? बापाला मुलीचा टॅब सापडला म्हणून?

मी गाडी हाणली. दोन सिग्नल तोडले, एका टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. माझ्या डोक्यात एकच होतं, त्याच्या आधी पोचायचं. चार मजले एका दमात चढलो आणि दार बडवलं.

साखळीच्या फटीतून त्या दिसल्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. टॅब, मेसेज, इमारत, तो माणूस. "तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा, ताई. मजला त्याला माहीत नाही. मी सांगितला नाही, देवाशपथ नाही सांगितला."

त्या रडतील, निदान माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही आत्ता कुठून आलात?"

"त्याच्याकडूनच. सरळ इकडे."

"सरळ?"

"हो."

"मागे कुणी होतं?"

मी आरशात बघितलंच नव्हतं. शहराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत एकदाही नाही.

खाली जिन्यावर पावलं वाजली. घाईची नव्हती. बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग दार लागलं. आतून एक कडी, मग दुसरी. मी वर गच्चीत पळू शकलो असतो, दुसऱ्या मजल्यावर जाऊन भलतंच दार ठोठावू शकलो असतो. हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी त्याच दाराला पाठ लावून उभा राहिलो, जिथे उभं राहायला नको होतं नेमका तिथे.

तो वर आला. दम लागलेला नव्हता. त्याने मला बघितलं, माझ्यामागचं दार बघितलं.

"चौथा होय," तो म्हणाला. "मला तिसरा वाटत होता. थँक्यू हं."

"इथे कुणी नाही."

"बरं." त्याने रुमाल काढून पायरी पुसली आणि खाली बसला. "मी थांबतो. तुम्ही निघा, तुमच्या दोन तक्रारी आहेत ना."

"मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा की." त्याने फोन दाखवला. "तुमच्या कंपनीचा मेसेज आहे माझ्याकडे. कुटुंबप्रमुख लिहिलंय. तुमचा नंबर आहे खाली. मी चुकीच्या ठिकाणी आलोय का?"

मी हललो नाही, तेवढंच काय ते केलं. पोलिसांचा नंबर लावला. थांबा, सगळ्या लाइन व्यस्त आहेत, असं कुणीतरी गोड आवाजात सांगत राहिलं. तो माझ्याकडे बघून हसला, रागाने नाही, समजूत काढावी तसा.

पाठीमागे दाराच्या फळीतून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. त्या मुलीला हळूच सांगत होत्या, चिमणी, बूट घाल, आपल्याला जायचंय, पटकन. मुलगी विचारत होती, कुठे? त्या घराला दुसरं दार नव्हतं. वायर कुठून आत घ्यावी म्हणून मंगळवारी मीच चारी भिंती फिरून बघितल्या होत्या.