मोजेवाल्या महाराजांचे जंतू

वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा मोज्यांना गिऱ्हाईक जास्त होतं. मोजेवाले महाराज स्टुलावर बसून गर्जत होते, "चांदीचा धागा, वर सव्वा लाख जप! जंतू जागच्या जागी खलास! एकदा घातला की महिनाभर काढायचा नाही. डॉक्टरची मलमपट्टी बंद!"

सोजरबाई गर्दीत मागे उभी होती. तिच्या नवऱ्याला, शालिग्रामला, साखरेचा आजार. वावरातल्या चिखलाने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, त्यातली एक चांगलीच चिघळलेली. आणि हा भला माणूस चप्पल काढून सगळ्यांच्या पुढे उभा!

महाराजांनी त्याच्या पायाला हळद फासली, तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. पाय लालभडक झाला.

"पाहा, जंतू रक्त ओकतायत!" असं म्हणत महाराजांनी वरून मोजा चढवला.

गर्दीने हात जोडले. सोजरबाईचे मात्र अर्ध्यावरच थांबले. असाच लाल रंग तिने लेक राखीच्या लग्नात पाहिला होता. लेकीची हळदीची साडी साबणात घातली, तर डाग असेच लाल झाले होते. साडीला काही चिखल्या नव्हत्या.

ती पुढे सरकली. "महाराज, तुमच्या पायात कोनता मोजा हाये?"

"सिद्ध मोजा, माई! बारा वर्षं जंतू शिवला नाही."

"मंग त्याले हळद लावून पाहू द्या मले."

"नको, नको! मंत्र बाटतो!"

"काहून? जंतू तं नाहीत ना?"

लोक हसायला लागले. "लावू द्या, लावू द्या!" असा गलका झाला. सोजरबाईने चिमूटभर हळद मोज्यावर चोळली, तीर्थ ओतलं. मोजा लालभडक!

"आवं माय! महाराजाच्या मोज्यालेच रोग झाला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी होती. हळदीला चुना किंवा साबण लागला की ती लाल होते, एवढंच. महाराजांनी गाठोडं उचललं आणि स्टँडची वाट धरली.

"पन मोजा तं चांदीचा असंन ना?" शालिग्राम पुटपुटला.

"सोन्याचा असंन. पहिले काढा तो!"

पाय धुऊन तिने त्याला थेट वाशीमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "जंतूंना अटकाव करणारे मोजे खरोखर मिळतात, पण ते औषध नव्हे. ही जखम महिनाभर कोंडून ठेवली असती, तर बोट कापावं लागलं असतं."

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायची घाई करू नका, आधी एक प्रश्न विचारा. पाय धुवा, बेचके कोरडे ठेवा, जखम डॉक्टरला दाखवा. शालिग्राम आता रोज संध्याकाळी ओट्यावर बसून जुन्या लुगड्याने पाय पुसतो. पाचही बोटं जागेवर आहेत.