आठ जणींच्या खेळात नऊ पदकं

रस्सीखेच हा खेळ समजायला अगदी सोपा आहे. दोर एक, बाजू दोन, प्रत्येक बाजूला आठ जण. ज्यांच्याकडे दोर सरकला ते जिंकले. शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही हे कळतं. पोलीस भरती विभागाला ते कळायला काही वर्षं लागली, आणि अजूनही पुरतं कळलंय असं छातीठोकपणे कुणी सांगू नये.

तिला संघात सगळ्या 'नांगर' म्हणायच्या. रांगेत सगळ्यात शेवटी ती उभी राहायची. दोर काखेतून घ्यायचा, पाठीवरून खांद्यावर टाकायचा, टाचा जमिनीत रुतवायच्या आणि मागे रेलायचं. नांगर हलला की संघ गेला. ती हलायची नाही. राज्य स्पर्धेत संघाला सुवर्णपदक मिळालं, तेव्हा तिच्या उजव्या खांद्याचं वीतभर सालटं निघालं होतं, आणि आईनं पदक बघायच्या आधी हळद शोधली होती.

पुढे पोलीस भरती निघाली. खेळाडूंसाठी मुलींची एक जागा राखीव होती. नांगर धावली, गोळा फेकला, लेखी परीक्षा दिली, आणि निवड यादीत तिचं नाव आलं. तिचे बाबा बाजारात किल्ल्या बनवायचे. त्यांनी त्या दिवशी गिऱ्हाइकाला एका किल्लीच्या ऐवजी दोन बनवून दिल्या आणि दुसरी कशाची, हे त्यांना सांगता आलं नाही.

बाराव्या दिवशी पत्र आलं. "आपली निवड तूर्त स्थगित करण्यात येत आहे." खाली कारण होतं. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीनं हरकत घेतली होती. हरकत अशी, की रस्सीखेच आठ जणींचा खेळ असून सुवर्णपदकाची प्रमाणपत्रं नऊ जणींना वाटली आहेत. सबब एक जादा आहे. ती कोण हे कागदावरून कळत नाही.

आता नववी म्हणजे राखीव खेळाडू, कुणाला काही झालं तर उतरणारी. प्रत्येक संघात असते. हरकत घेणारी मुलगी त्याच अंतिम सामन्यात हरलेल्या संघाची, म्हणजे रौप्यपदकवाली. त्यांची नववी त्या आठवड्यात गोवरानं अंथरुणात होती, म्हणून त्यांना आठच प्रमाणपत्रं मिळाली होती. गोवराच्या कृपेनं त्यांचा कागद धुतल्या तांदळासारखा स्वच्छ होता.

नांगर बाबांना घेऊन पडताळणी कार्यालयात गेली. बाबा कुठलंही कुलूप पाच मिनिटांत उघडायचे. तिथली चौकशीची खिडकी मात्र त्यांना पावणेदोन तास उघडता आली नाही. ती उघडली तेव्हा आतल्या साहेबांनी फाईल दोन बोटांनी अशी उचलली, जणू ती ओली होती.

"तुम्ही खेळलात याचा पुरावा?"

"साहेब, पदक आहे."

"पदक नऊ जणींकडे आहे."

"पंचांना विचारा."

"पंचांनी नऊ नावांखाली एक सही केलीय. कुणाला विचारू? सहीला?"

"संघातल्या मुली सांगतील की."

"त्यांना त्याच कागदावर नोकऱ्या पाहिजेत. त्या हितसंबंधी. प्रशिक्षकही हितसंबंधी."

नांगरनं शर्टाची कॉलर बाजूला ओढून खांद्यावरचा वण दाखवला. साहेबांनी सरकारी डॉक्टरांचं मत मागवलं. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी लिहून दिलं, की वण आहे, मात्र तो दोराचा की अन्य कशाचा हे निश्चित सांगता येत नाही. त्यांच्या परीनं त्यांनी सहकार्यच केलं होतं. वण आहे एवढं तरी सरकारदरबारी मान्य झालं.

राहता राहिला फोटो. सामन्याचा एक फोटो वर्तमानपत्रात छापून आला होता. नांगरनं तो जपून ठेवला होता, पण त्याची एक अडचण होती. फोटोत दोर होता, दोराला सात मुली होत्या, आणि सातवीच्या पाठीमागून दोर फोटोबाहेर निघून गेला होता. आठवी काही फोटोग्राफरच्या चौकटीत मावली नव्हती. आठवी म्हणजे नांगर.

प्रकरण कोर्टात गेलं. नांगरच्या वकीलबाई हुशार होत्या. बोलताना चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि मग टेबलभर शोधायच्या. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"ती राखीव मुलगी कुठंय?"

ती अग्निशमन दलात होती. तिला सगळ्या 'काडी' म्हणायच्या. काडीला तीन वर्षांपूर्वी याच प्रमाणपत्रावर, याच खेळाडू कोट्यातून नोकरी लागली होती, आणि तेव्हा कुणीही आठ आणि नऊ मोजले नव्हते. जी दोराला शिवली नाही ती सरकारी नोकर, आणि जिच्या खांद्याचं कातडं गेलं ती संशयित. अशा नीटनेटक्या कारभाराचं बाहेर कौतुक होत नाही, हीच खंत.

"तिनं येऊन सांगितलं, की राखीव मी होते, तर संपलं," वकीलबाई म्हणाल्या. "स्वतःचं नुकसान करून बोलणारा साक्षीदार कोर्टाला फार आवडतो."

"मग तिची नोकरी?"

वकीलबाई चष्मा शोधू लागल्या.

दुपारी नांगर अग्निशमन केंद्रावर गेली. काडी अंगणात पाण्याचा पाइप गुंडाळत होती. तिनं पाइप टाकून मिठी मारली, चहा मागवला, पोरीचे फोटो दाखवले.

"काडी, अंतिम सामन्याचं थोडं विचारायचं होतं."

"अगं विसरेन होय मी! दुसऱ्या फेरीत आपण जवळजवळ गेलोच होतो. माझी टाच सुटली. म्हटलं, संपलं. मग डावा पाय असा आडवा रोवला, डोळे मिटले आणि..." काडीनं अंगणातच पाय आडवा रोवला. "खांदा नुसता पेटला होता माझा."

नांगर बघत राहिली. पाय तिचा स्वतःचा होता, टाच तिची स्वतःची होती. पेटलेला खांदा तर शर्टाच्या आत अजून होता. सामन्याच्या वेळी काडी मैदानाबाहेर आठ जणींचे स्वेटर कडेवर घेऊन ओरडत होती.

"काडी, शेवटी मी होते गं."

काडीचा पाय तसाच आडवा राहिला. मग तिनं तो हळूच मागे घेतला.

"मुलाखतीत विचारलं, कितव्या जागी खेळता. माझ्या तोंडून निघून गेलं, शेवटच्या. मग ते खोदून खोदून विचारायला लागले. तू खोलीवर आल्यावर जे जे सांगितलं होतंस, ते ते सगळं सांगितलं. इतक्या वेळा सांगितलंय, की आता मला खरंच आठवतं. देवाशप्पथ." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला कोर्टात बोलावणार का?"

नांगरच्या मनात आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती तोंड उघडणार, तोच केंद्राची घंटा घणघणली. चहाचा कप जमिनीवर होता तिथेच राहिला. काडी पळाली, धावता धावता अंगात जाड कोट चढवला, शिरस्त्राण ओढलं, आणि नांगर उठून उभी राहायच्या आत ती गाडीच्या पायरीवर लटकलेली होती. गाडी फाटकातून गेली. नांगरनं कप उचलून आत नेऊन ठेवला आणि बसनं घरी आली.

"तिला काही आठवत नाही," तिनं वकीलबाईंना सांगितलं.

"काहीच नाही?"

"उलट. जरा जास्तच आठवतं. तिला नका बोलावू."

वकीलबाईंनी हात टेकले आणि साक्षीदार बोलावला नाही.

सुनावणी निघाली तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक होता, त्यामुळे वादी आणि हरकतदार मांडीला मांडी लावून बसल्या. हरकतदार मुलगी अंतिम सामन्यात समोरच्या संघात पहिल्या जागेवर होती. न राहवून नांगर म्हणाली, "तू तर समोर होतीस. मी होते की नव्हते?"

"होतीस की. म्हणून तर हरलो."

"मग असं लिहून कसं दिलंस?"

"तू नव्हतीस असं कुठं लिहिलंय? कागदावर दिसत नाही एवढंच लिहिलंय. काका म्हणाले, तेवढं पुरतं." ती थोडी ओशाळली. "पाणी पिणार?"

नांगर प्यायली. तहान लागली होती.

आत सरकारी वकिलांनी फोटो मोठा करून आणला होता. ते बोलायला उभे राहिले की बसायचं विसरायचे.

"साहेब, फोटोत सात मुली दिसतात. त्यापुढे दोर चौकटीबाहेर जातो. त्या टोकाला आपण होतो, असं अर्जदार म्हणते. परंतु ते टोक एखाद्या झाडाला बांधलेलं असू शकतं. एखाद्या खांबालाही. उपलब्ध कागदपत्रांवरून खांबाची शक्यता नाकारता येत नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. बहुधा खांबाची नोंद घ्यावी की नाही याचा विचार करत असावेत. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"खांब? सात पोरी आणि एक खांब, यांनी आम्हाला ओढलं?"

हरकतदार मुलगी उभी राहिली होती. शेजारी काका तिची ओढणी धरून खाली ओढत होते, पण ती रस्सीखेच खेळलेली होती.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हरकत माझीच आहे, साहेब."

"मग ते तुमच्याच बाजूनं बोलतायत."

"बोलू देत! आम्ही सहा महिने पहाटे उठून सराव केला, हाताची सालटी काढली, ते काय खांबाकडून हरायला? साडेचार मिनिटं मी हिचं तोंड बघत होते. दात विचकलेले, डोळे मिटलेले. अजून डोळ्यांसमोरून जात नाही ते तोंड. खांबाला तोंड असतं का? सांगा ना!"

सरकारी वकील बसले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच आपण होऊन बसले. काकांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. नांगरला हसू आलं आणि मग, कशानं कोण जाणे, रडूच फुटलं. वकीलबाईंनी तिला रुमाल दिला आणि डोक्यावरचा चष्मा शोधायला लागल्या.

निकाल तिच्या बाजूनं लागला. हरकतदारानं स्वतःच्या हिताविरुद्ध केलेलं विधान विश्वासार्ह आहे, अर्जदार शेवटच्या स्थानी होती, विभागानं तिला रुजू करून घ्यावं. नववी कोण, हा प्रश्न या प्रकरणाच्या कक्षेत येत नाही, असंही न्यायाधीशांनी लिहिलं. ते वाक्य नांगरनं काडीला फोनवर तीनदा वाचून दाखवलं.

नांगर रुजू झाली. विभागानं तिला गणवेश दिला, बूट दिले, आणि त्याच महिन्यात वरच्या कोर्टात तिच्याविरुद्ध अपीलही केलं. मुद्दा एकच, खांब नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची. विभाग मोठा असला की असं होतं. एका खोलीत पगारपत्रक तयार होत असतं, शेजारच्या खोलीत तो पगार चुकीचा असल्याचं शपथपत्र. दोन्ही कारकून एकाच डब्यातून जेवतात.

प्रशिक्षण संपल्यावर तिची नेमणूक वरच्या कोर्टाच्या बंदोबस्तावर झाली. अपिलाची तारीख आली त्या दिवशी ती त्याच दालनाच्या दारात उभी होती. पुकारा झाला तेव्हा तिनं शेजारच्या हवालदारांना सांगितलं, "दादा, पाच मिनिटं दार बघा. आत माझ्यावर केस आहे." आत जाऊन उभी राहिली, पुढची तारीख घेतली, परत येऊन दाराशी उभी राहिली.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यावरून एक नवीन गणवेश वर येताना दिसला. कडक इस्त्रीचा, बूट अजून चावणारे, कारण चालणं जरा लंगडं होतं. हरकतदार मुलगी.

"अगं! तू कशी लागलीस? कुठल्या कोट्यातून?"

"कुठल्याच नाही. खुल्यातून." तिनं इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "या वेळी मी खेळाडू आहे हे कुणाला कळूच दिलं नाही."