मी बादली, तुम्ही कोण?

आमच्या वसाहतीची जाहिरात आली तेव्हा तिच्यात ठळक लिहिलं होतं, ‘शहरापासून फक्त पस्तीस मिनिटं.’ जाहिरात खोटी नव्हती. ही पस्तीस मिनिटं बसमध्ये पाय ठेवल्यानंतर सुरू होतात, एवढं एकच वाक्य छापायचं राहून गेलं. बाकी सगळं मिळालं. दोन खोल्या, एक नळ, आणि भिंती अशा पातळ की शेजारच्याने कूस बदलली की आपण इकडे सरकून जागा द्यावी. परमेश्वर सर्वत्र आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आमच्याकडे तो दुसऱ्या बसने येत असणार, कारण पहिल्या बसमध्ये त्याला उभं राहायलाही जागा नाही.

पहिली बस सहा दहाची, दुसरी सातची. पहिलीत माणसं साठ. एकसष्टावा कितीही गोड बोलला तरी कंडक्टर दार लावतो. म्हणून आमच्याकडे रांगेत आधी वस्तू उभ्या राहतात. पहाटे उठायचं, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी खाली जायचं, फुटपाथवर आपली वस्तू ठेवायची आणि वर येऊन अंघोळ उरकायची. वस्तू अशी हवी की चोराला मोह होऊ नये आणि आपल्याला अंधारात ओळखता यावी. फुटकी बादली, एकटी चप्पल, दांडा नसलेली छत्री, कापूस बाहेर आलेली उशी. आमचा कान तुटलेला कप. ज्याच्याकडे वस्तू नाही त्याने सगळ्यांच्या मागे, आल्या क्रमाने उभं राहायचं. बस आली की सगळे खाली मान घालून आपापल्या वस्तूमागे येतात. सहा वर्षं आम्ही पुढच्या माणसाची वस्तू पाहत आलो, त्याचं तोंड कधी पाहिलं नाही.

या रांगेचे राखणदार म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांना कुठंच जायचं नसतं, पण शिस्त दुसऱ्यांनी पाळलेली पाहिल्याशिवाय त्यांना सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. माझी बायको शहरात दातांच्या दवाखान्यात काम करते. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई आमच्या वसाहतीच्या मागेच नवी शाखा काढणार होत्या. घरापासून चालत दहा मिनिटं. तिथे कुणाला पाठवायचं, तर जी बाई तीस दिवस एक मिनिटही उशीर न करता साडेसातला हजर होईल तिला. बायकोचे एकोणतीस दिवस झाले होते. रोज पहाटे कप ठेवायचं काम माझं होतं. माझं ऑफिस नऊचं, मी दुसऱ्या बसचा, त्यामुळे तेवढं पुण्य माझ्या वाट्याला आलेलं.

तिसाव्या दिवशी गजर वाजला. मी तो बंद केला आणि फक्त डोळे मिटून पाच मिनिटं नामस्मरण करावं असं ठरवलं. नाम पहिल्याच आवर्तनात कुठं गेलं कळलं नाही. जागा झालो तेव्हा सहाला दहा कमी होते आणि मोरीतून बायको विचारत होती, “अहो, कप ठेवलात ना?”

“हो तर,” मी म्हटलं, आणि कप सदऱ्याखाली लपवून जिना उतरलो.

खाली पाहतो तर फुटपाथ स्वच्छ. बादली नाही, उशी नाही, काही नाही. कचऱ्याच्या गाडीवर त्या दिवशी नवा माणूस आला होता, कामाला चोख. ओळीने मांडलेल्या इतक्या मोडक्या वस्तू बघून त्याला वाटलं असणार, काय शहाणी माणसं आहेत, कचरासुद्धा रांगेत ठेवतात. त्याने सगळी रांग गाडीत भरली आणि निघून गेला. मास्तर असते तर अडवलं असतं, पण त्यांना सर्दी झाली होती.

साठ-सत्तर माणसं रिकाम्या फुटपाथकडे बघत उभी होती. कुणाला कुणाचा नंबर सांगता येईना.

“माझ्या पुढे बादली होती,” एक बाई म्हणाल्या. “बादली कोण?”

एक उंच गृहस्थ लाजत पुढे आले. “मी बादली. तुम्ही कोण?”

“मी उशी.”

“अस्सं. तुमच्या उशीकडे बघून मला रोज वाटायचं, एवढी झोप घेऊन खाली कशाला आणतात.”

“आणि तुम्ही बादली कधी बदलणार? तिचं भोक माझ्या मुलीच्या वयाचं आहे.”

असं करत करत रांग जुळू लागली. चप्पल छापखान्यातली कंपोझिटर निघाली, छत्री नर्स निघाली. सहा वर्षांत झाल्या नाहीत एवढ्या ओळखी दहा मिनिटांत झाल्या. तेवढ्यात बादलीने विचारलं, “माझ्या पुढे झाडू होता. तिसरा नंबर. झाडू कोण?”

झाडूचा मालक पुढे येईना.

माझ्या पोटात कप टोचत होता. खरं बोलावं तर सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, आणि मागे किती जण आहेत ते दिसत होतं. बायकोचे एकोणतीस दिवस डोळ्यांपुढे आले. देवाला साक्ष ठेवून खोटं बोलणं बरं दिसत नाही, म्हणून मी देवाला मनातल्या मनात जरा बाजूला उभं केलं आणि म्हटलं, “झाडू आमचा.”

तिसऱ्या जागेवर उभं राहणं किती सुखाचं असतं ते मला त्या दिवशी कळलं. सहा पाचला बस आली. बायको डबा घेऊन खाली आली आणि मला पुढे बघून तिचा चेहरा असा उजळला की मला माझ्याच कर्तबगारीचं कौतुक वाटलं. मी तिला जागा दिली. तिचा पाय पायरीवर पडणार, एवढ्यात सदऱ्याची बटणं लावत वायरमन धावत आला.

“झाडू कुठं गेला माझा? तिसरा होता.”

बादलीने माझ्याकडे पाहिलं. उशीने पाहिलं. बायको वळली.

“अहो, झाडू? आपला तर कप आहे.”

“तसा कपच आहे,” मी म्हटलं.

“मग तो कुठं आहे?”

मी सदऱ्याखालून काढून दाखवला. कुणीतरी मागे फिसकन हसलं. बायको हसली नाही.

कंडक्टर दारात वैतागून उभा होता. “तुमचा घरचा मामला संपला की सांगा. चार मिनिटांनी बस सुटणार.”

आणि तेव्हा गळ्याला पंचा गुंडाळलेले मास्तर जिना उतरून आले. ते खिडकीतून सगळं बघत होते. कचरेवाल्याला त्यांनी हाकही मारली होती, पण बसलेल्या घशातून नुसतीच हवा बाहेर पडली. आताही आवाज असा होता की सगळ्यांना गप्प बसून कान द्यावे लागले.

“मी खिडकीतून रोज मोजतो. आज वस्तू एकावन्न होत्या. इथे नंबर सांगून उभी किती आहेत? सहासष्ट.” त्यांनी नाक पुसलं. “वजाबाकी मी करत नाही. ज्याची त्याने करावी.”

म्हणजे मी एकटा नव्हतो. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. पंधरा जण आभाळाकडे, बसच्या टायरकडे, आपल्या नखांकडे बघू लागले. छत्री सांगणाऱ्या नर्सबाई तर दोन होत्या.

कुणी हललं नाही. बस घरघरत होती. बायकोने घड्याळ बघितलं. मग तिने वायरमनला म्हटलं, “या भाऊ, तुमची जागा,” आणि रांगेतून बाहेर येऊन कडेला उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग दुसऱ्या नर्सबाई बाहेर आल्या. “ताईंच्या मागे मी,” त्या म्हणाल्या. मग एक दाढीवाला. मग दोघे मित्र, एकमेकांना ढकलत. तेरावा बाहेर आला तेव्हा उरलेले दोघे आपसूक उघडे पडले आणि तेही आले. पंधरा झाले.

“चढवा त्या एकावन्न जणांना,” मास्तर कंडक्टरला म्हणाले.

एकावन्न चढले. कंडक्टरने आत पाहिलं. “अजून नऊ.”

सगळे मास्तरांकडे बघू लागले. नऊ कोण ते कसं ठरवायचं? वस्तू नाही, खाली कोण आधी आलं ते कुणाला आठवत नाही, आणि त्या पंधरांच्या शब्दावर आता त्यांच्या सख्ख्या आईनेही विश्वास ठेवला नसता.

“ज्या क्रमाने बाहेर पडलात,” मास्तर म्हणाले, “त्या क्रमाने आत जा.”

बायको पहिली होती. ती चढली, मग नर्सबाई, मग दाढीवाला. ढकलाढकली करणाऱ्या दोघा मित्रांची आता कोण आधी बाहेर पडलं यावरून जुंपली, पण दोघेही नवात बसत होते, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. नववा चढला आणि दार लागलं.

खाली सहा जण उरले आणि मी. सातच्या बसमध्ये आम्ही एकत्रच चढलो. कुणी कुणाला काही विचारलं नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचं ठाऊक होतं. साडेसातला पाच कमी असताना माझा फोन वाजला.

“पोचले,” बायको म्हणाली. “बाई दारातच होत्या. सही झाली. पहिल्या तारखेपासून आपल्या मागची शाखा.”

“देव पावला गं.”

“देवाला कशाला मध्ये घेता? पहाटे त्याला कुठं उभं केलं होतंत?”

हिला हे कसं कळलं ते मला अजून उमगलेलं नाही.

“बरं, ऐका,” ती म्हणाली. “पहिल्या तारखेपासून मी पावणेसातला उठणार. चहा तुम्ही करायचा. आणि तुमचं ते नामस्मरण बसून करायचं, आडवं पडून नाही.” फोन ठेवताना ती हसली की काय, बसच्या आवाजात नीट कळलं नाही. हसली असं मी धरून चाललो.

शेजारी उभ्या असलेल्याने विचारलं, “काय झालं? सगळं ठीक?”

“बायकोला घराजवळची शाखा मिळाली. आता तिला बस लागणार नाही.”

त्याचा चेहरा फुलला. त्याने मागच्याला सांगितलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. सहाच्या सहा जणांनी सरकत सरकत येऊन माझा हात हातात घेतला, आणि एवढं मनापासून अभिनंदन माझं लग्नातही कुणी केलं नव्हतं. पहिल्या बसमध्ये एक जागा रिकामी होणार होती.