वाणी उतरते तो कोपरा

हॉल खचाखच भरला होता. दाराबाहेर चपलांचा ढीग, रांगेतल्यांना सरबत वाटणारी एक बाई, आत उदबत्त्यांचा धूर. स्टेजवर वाणीबाबा फिरत होते आणि अधूनमधून पुढच्या डाव्या कोपऱ्यात थांबून कान देत होते. तिथे झेंडूचं रिंगण, वर हळदकुंकू. देवीची वाणी म्हणे तिथेच उतरते.

"करावे गावची गोजरा कोण?" बाबा गरजले. "तुझा जावई दारू पितो!"

"पितो हाय गो बाय! यांना कसा कलला?" गोजराने तिथल्या तिथे लोटांगण घातलं.

मी मागच्या खुर्चीत बसले होते. पूर्वी रबाळ्याच्या एका कारखान्यातल्या कामगारांची नाटकं बसवली, आता ऐरोलीच्या शाळेत मुलांची बसवते. अंगात येणं, अंगारे, सगळं पाहून झालंय. भांडायचाही आता कंटाळा येतो. आले होते ती शेजारच्या जयमालासाठी. तिच्या श्रुतीला फिट यायच्या. गोळ्या सुरू केल्यापासून थांबल्या होत्या. पण बाबा बोलले तर गोळ्या बंद, असं जयमालाने ठरवलेलं. सकाळची गोळी तर तिने दिलीच नव्हती.

"अगं, आधी डॉक्टरांना विचार ना," मी पुन्हा म्हटलं.

"डॉक्टर फाईल बघून नाव घेतात ताई. बाबा न विचारता ओळखतात. टेन्शन नका घेऊ."

एवढ्यात बाबा स्टेजच्या मधोमध आले, अडखळले आणि "ओम ओम" करत परत कोपऱ्याकडे सरकले. ही चाल मला चांगलीच ठाऊक. पाठांतर नसलेला नट अस्साच सरकतो. त्याला मध्यभाग नको, मागचा पडदाही नको. पहिल्या विंगेलगतचा कोपरा हवा. कारण विंगेत, पडद्याआड, वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर असतो.

मी उठले. शाळेचं गॅदरिंग इथेच होतं, त्यामुळे मागचं दार माहीत होतं. काळ्या पडद्यामागून त्या विंगेत गेले, तर स्टुलावर कमळाकर! आमच्या कामगार नाटकांचा प्रॉम्प्टर. कारखाना बंद पडल्यापासून दिसला नव्हता. रांगेत सरबत वाटणारी बाई त्याच्या कानाशी सांगत होती, "जयमाला. ऐरोली. मुलीला फिट." सांगून ती गेली.

"कमळाकर, हे काय?"

त्याची मान खाली गेली. "बाई, मला दुसरं काय येतंय?"

"ऊठ."

वाद घालायचं त्राण त्याच्यातही नव्हतं. उठला.

जयमाला श्रुतीचा हात धरून स्टेजसमोर आली. बाबा कोपऱ्यात थांबले. कुजबुज बाईची की बाप्याची, कळत नाही. मी हळूच म्हटलं, "जयमाला, गोळ्या बंद करू नकोस."

"जयमाला! गोळ्या बंद करू नकोस!" बाबा गरजले.

तिने भक्तिभावाने हात जोडले. माझं काम झालं होतं, गुपचूप घरी जाता आलं असतं. पण उद्या या स्टुलावर दुसरा कोणी बसेल, दुसरंच काही सांगेल. पोरीचा जीव त्याच्या भरवशावर टाकायचा? मला राग आला, खूप दिवसांनी.

"माझं पाठांतर नाही," मी कुजबुजले.

"माझं पाठांतर नाही!"

"विंगेतून सांगतात तेच बोलतो."

"विंगेतून सांगतात तेच..." बाबा थबकले. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

मी कमळाकरला हाताला धरून उजेडात आणलं. "बाबा, आता मागच्या पडद्याशी उभे राहा आणि कुणाचंही नाव सांगा."

"देवी रुसली!" बाबा पुटपुटले.

मग मी सगळं सांगितलं, स्टूल, विंग, सरबतवाली. "गोजराताई, सरबत पिताना जावयाचं बोललात ना?"

"हां गो... बोललेली."

जयमाला रडकुंडीला आली. "मग गोळ्यांचं कोण बोललं?"

"मी. पण माझंही ऐकू नकोस. उद्या डॉक्टरांना विचार, गोळी का, किती दिवस, सोडली तर काय होईल. पटेपर्यंत विचार. जो उलट प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हाती लेकरू द्यायचं नाही."

तिने श्रुतीला जवळ ओढलं. बाहेर पडताना एक बाई त्या कोपऱ्याला नमस्कार करताना दिसली. मला तिला अडवायचं बळ उरलं नव्हतं.

फाटकाशी जयमाला थांबली. पर्समधून सकाळची गोळी काढून तिने श्रुतीला दिली, पाणी पाजलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, ते प्रश्न परत सांगा. मला पाठ करायचेत."

"पाठ नको करू," मी म्हटलं. "तुझे तू विचार."