ओल्या लाकडाचा वाडगा

कातारी सत्तरीला टेकला होता, पण हेका अजून विशीतला होता. चाळीस वर्षं लेथसमोर उभं राहून त्याने लाकडाचे वाडगे, डबे, दिव्यांचे खांब कातले, आणि त्यातलं एकही टेबलावर ठेवल्यावर डुगडुगलं नाही. वाकडं म्हणजे चुकलेलं, यापुढे त्याला चर्चा मान्य नव्हती. चित्रकार, कुंभार, विणकर असे वीसेक जण मिळून चालवत असलेल्या कलाकार मंडळातही लोक त्याला जरा बिचकूनच असत. भिंतीवरचं चित्र तिरकं दिसलं, की हा गृहस्थ नमस्काराच्या आधी ते सरळ करायचा.

याच सवयीने चार वर्षांपूर्वी त्याचा घात केला. मुलगी एकुलती एक, आई ती शाळेत असतानाच गेलेली, त्यामुळे बापाच्या लेथजवळच वाढली आणि शिकली. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी तिने नुकत्याच तोडलेल्या झाडाचा ओला ओंडका घेतला, त्यातून अगदी पातळ वाडगा कातला आणि वाळताना त्याला हवा तसा वाकू दिला. ओलं लाकूड वाळताना आकसतं, एका अंगाने जास्त, दुसऱ्या अंगाने कमी. वाडगा लांबट झाला, दोन्ही टोकांना कड वर उचलली गेली. तिला तो तसाच हवा होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती बाहेर गेली असताना कातारी कामाच्या खोलीत शिरला. वाडगा त्याने टेबलावर ठेवून पाहिला, तो डुगडुगला. पोरीचं चारचौघांत हसं होऊ नये म्हणून, अगदी मायेने, त्याने वर आलेली कड कापून सपाट केली, बूड घासून बसतं केलं आणि मेण चोळून वाडगा लखलखीत करून ठेवला.

ती आली, तिने वाडगा हातात घेतला, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, की छान झालाय, आता तुमच्याच नावाने मांडा. भांडली असती तर परवडलं असतं. महिन्याभरात तिने दूरच्या शहरात फर्निचरच्या कारखान्यात नोकरी धरली. तेव्हापासून दर रविवारी फोन. तब्येत बरी ना, बरी. गोळ्या घेता ना, घेतो. तिकडे गरम आहे का, आहे. दोन मिनिटांत बोलणं आटपायचं, आणि कातारी फोन हातात धरून तसाच बसायचा. आपल्याला तिची फार आठवण येते हे त्याने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. जेवायला एकट्याचं ताट घेताना तर आठवण हमखास यायची.

यंदा प्रदर्शन जवळ आलं तेव्हा मंडळाच्या अध्यक्षा, म्हणजे मातीकाम करणाऱ्या ताई, काय मांडणार म्हणून विचारायला आल्या. कातारी म्हणाला, एकच वाडगा, ओल्या लाकडाचा, वाकडा. ताईंनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. पण त्याने ठरवलं होतं. पोरीला जे दिसलं होतं ते आपल्याला उशिरा का होईना दिसलं, हे तिला कळायला हवं होतं, आणि तोंडाने सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

हाताने सांगायचं तर तेही जमेना. पहिला वाडगा तिसऱ्या दिवशी बुडापासून तडकला. दुसरा दुसऱ्याच दिवशी. तिसऱ्याची तर दिवस उजाडायच्या आत दोन शकलं झाली. चाळीस वर्षांचा हात, आणि नवशिक्यासारखी फजिती. शेवटी एका मंगळवारी भरदुपारी त्याने फोन लावला.

"काय झालं? बरे आहात ना?" ती घाबरूनच गेली. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"मी बरा आहे. वाडगा तडकतोय."

कसला वाडगा, ते त्याने सांगितलं. मग तिने विचारलं, "बूड किती जाड ठेवलंत?"

"बोटभर."

"आणि कड पातळ? मग तडकणारच. कड आधी वाळते, बूड मागे राहतं. सगळीकडे सारखं पातळ करा."

"बुडाला हात घालायची भीती वाटते गं. आरपार गेलं तर?"

"गेलं तर दुसरा करायचा."

मग तिने सगळं समजावलं. एका बैठकीत काढायचा, मध्ये चहाला उठायचं नाही, कातताना पाणी मारत राहायचं, पहिले दोन दिवस त्याच्याच ढलप्यांत पुरून ठेवायचा. एकूण दहा-बारा दिवस तो वाकत राहील, आणि एकदा थांबला की थांबला. कातारी शाळेतल्या पोरासारखा फळीवर पेन्सिलीने लिहून घेत होता. लिहिता लिहिताच त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुझा वाडगा मी कापायला नको होता. मला वाटलं, चुकलाय."

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला तसं वाटलं, म्हणूनच जास्त लागलं."

त्याने फळीवरची उरलेली ओळ पुरी केली. मग तीच म्हणाली, की रोज मोजून कळवा, किती वाकला ते.

चौथा वाडगा टिकला. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं तेव्हा तो पाच दिवसांचा होता आणि रोज थोडा थोडा वाकत होता. चौकटी बनवणाऱ्याने चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा सल्ला दिला. एका पाहुण्याने तो नीट बसत नाही म्हणून खाली कागदाची घडी सारली, ती कातारीने निमूटपणे काढून खिशात घातली. रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तो कॅलिपरने वाडगा दोन्ही अंगांनी मोजायचा आणि फोन लावायचा. आज दोन सूत, म्हणजे पाव इंच. आज तीन. त्याबरोबर हॉलमधल्या गमतीजमती. तीही बोलू लागली. तिच्या यंत्रावर दिवसाला खुर्च्यांचे शंभर पाय निघतात, सगळे अगदी गोल, तुम्हाला फार आवडतील, असं म्हणून ती हसली. ते हसू चार वर्षांनी ऐकलं आणि कातारीने चष्म्याची गंमत तिला पुन्हा एकदा सांगितली.

शेवटच्या दोन दिवसांसाठी येतेस का, हे त्याने विचारून पाहिलं. रजा मिळत नाही म्हणाली. तरी ते दोन्ही दिवस त्याचं अर्धं लक्ष दाराकडेच होतं. ताईंनी दिवे मालवायला घेतले तेव्हा त्याने वाडगा पिशवीत घातला आणि घरी आणला.

तेराव्या दिवशी माप तेच आलं. चौदाव्या दिवशीही तेच. वाडगा थांबला होता. कातारी कॅलिपर हातात घेऊन खुर्चीत बसला. थांबला म्हणून सांगितलं, की पुन्हा रविवार, पुन्हा गोळ्या. सहा वाजले आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा खोटं माप सांगितलं.

"अजून हलतोय."

"किती?"

"सुतभर."

बारा दिवसांपुढे तो हलत नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. "लाकूड फारच ओलं असणार," ती म्हणाली. "उद्या मोजून सांगा."

दुसऱ्या दिवशी अर्धं सूत. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सूत. सांगितलेली सगळी मापं खरी मानली तर वाडग्याच्या समोरासमोरच्या कडा एव्हाना एकमेकींना टेकायला हव्या होत्या. दोघांपैकी कुणीच ती बेरीज केली नाही. महिना उलटला, आणि एका संध्याकाळी फोन त्याच्याआधी तिचाच आला.

"आज काय म्हणतोय?"

"आज जरा जास्तच."

मागे यंत्रांची घरघर नव्हती. ती कुठल्यातरी शांत जागी उभी होती.

"बाबा, मी आल्याशिवाय तो काही थांबायचा नाही."

कातारीने समोरच्या वाडग्याकडे पाहिलं. तो जागच्या जागी होता.

"नाही थांबायचा," तो म्हणाला.