खंडेनवमीची कॅडिलॅक

अच्युतरावांच्या घरी अमेरिकेहून गाडी आली, ती खोक्यातून. पुतण्याने पाठवलेली. एकोणीसशे एकोणसाठची कॅडिलॅक, उघड्या टपाची, लालभडक, दीड वीत लांब. दारं उघडायची, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची. सिविल लाइंसच्या कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. आता येईल त्याला सोफ्यावर बसवून ते इंजिनाची ताकद सांगत.

त्यांच्या बायकोला, कुंदाबाईंना, या खेळण्याचा मनस्वी तिटकारा होता. नवरा कापसाच्या काडीने गाडीच्या सीटा पुसत बसला की त्यांना वाटे, या माणसाने कधी आपल्या लूनावरची धूळ झटकली आहे का? अकरा वर्षं त्या लूनावरून अधारतालच्या शाळेत शिकवायला जात होत्या. गॅसचा सिलिंडरही तिच्यावरूनच येई. तिचं कौतुक वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी अच्युतराव स्वतः तिला हळदकुंकू वाहत, हार घालत, चाकाखाली लिंबू ठेवत. तो मान कुंदाबाईंना स्वतःचाच वाटे, आणि तेवढा तरी त्यांना हवा होता.

यंदा त्यांनी सकाळीच लूना धुऊन अंगणात उभी केली. हार आला, तो गेला बैठकीत. चौरंगावर कॅडिलॅक! हाराखाली ती दिसेचना, म्हणून नुसती चार फुलं वाहिली गेली. शेजारच्या विष्णुपंतांना मुद्दाम बोलावलेलं. कुंदाबाईंनी लूनाची आठवण करून दिली, तर नवरेसाहेब म्हणाले, ती काय, रोजचीच आहे. कुंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच त्यांना राग आला.

मग लिंबू. ते चाकाहून मोठं. शहाण्या माणसाने तिथेच थांबावं, पण अच्युतरावांनी गाडी लिंबावर चढवली आणि तळहाताने दाबली. लिंबाला काही झालं नाही. पुढचं चाक मात्र निखळून विष्णुपंतांच्या पायाशी गेलं. विष्णुपंत खोकल्याचं निमित्त करून घरी गेले.

अच्युतराव रडकुंडीला आले. अधारतालला एक घड्याळजी असलं बारीक काम करी. त्याच्याकडे आत्ताच्या आत्ता लूनावरून ने, म्हणून ते बायकोच्या मागे लागले.

"अच्छा, नेते," कुंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण आधी तिची पूजा करा."

साहेब धावले. हळद, कुंकू, अख्खा हार, नारळ. यंदा त्यांनी लूनाला वाकून नमस्कारसुद्धा केला. मग चाक खिशात टाकून, कॅडिलॅक छातीशी धरून ते मागे बसले.

"चल ना. आता काहून थांबून राहिली?"

कुंदाबाईंनी किल्ली कमरेला खोचली. खंडेनवमीला पूजलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही, हा नियम अच्युतरावांच्याच वडिलांचा. दरवर्षी तोच ऐकवून ते बायकोला भाजीला पायी पाठवत. आज घाईत विसरले होते.

"उतरा," त्या म्हणाल्या. "पूजा झाली न तिची? आज ती कुठंच जात नाही."